ओलवणची जागा

लेखिकाबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी लेक बॅग घेऊन दारात उभी. वय चव्वेचाळीस. डोळे सुजलेले, नाक लाल. "बाबा, मावशी गेली," एवढं म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. माझा तो खांदा गेल्या हिवाळ्यापासून दुखतो, पण अशा वेळी "जरा दुसऱ्या खांद्यावर रड" असं म्हणता येत नाही.

या मावशीशी आमचं काडीचं नातं नाही. लहान मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाई त्या. सात पुस्तकं लिहिली, आणि ती वाचणारी सगळी पोरं त्यांना मावशी म्हणू लागली. त्या पोरांना आता टक्कल पडलं, त्यांची पोरं कॉलेजात गेली, तरी मावशी ती मावशीच. माझी लेक इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त काढते. तिने वरच्या बाईंना फोन करून "मावशी गेली" म्हणून सांगितलं आणि आठवडाभराची रजा टाकली. त्या बिचाऱ्यांनी लगेच मंजूर केली, वर विचारलं, "आईची सख्खी बहीण का गं?" ही म्हणाली, "सख्खीपेक्षा जास्त." मला हसू आलं होतं, ते मी चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

पुढचे चार दिवस आमच्या घरात टीव्ही बंद झाला नाही. ज्या वाहिनीवर बघावं तिथे मोठमोठी माणसं ढसाढसा रडत होती. एक पोलीस अधिकारी, भरघोस मिशा, छातीवर पदकं, आणि मावशीच्या पुस्तकातल्या बोलक्या घुबडाची आठवण सांगताना त्याला हुंदका आवरेना. माझ्या लेकीने त्याच्याबरोबर रडून घेतलं. मी चहा केला, कप विसळले, परत चहा केला. मला कंटाळा आला होता, खरं सांगतो. माणसाला शोकाचाही कंटाळा येतो, आणि दुसऱ्याच्या शोकाचा तर फारच लवकर येतो. माझं वय शहात्तर, गुडघे संपावर गेलेले, दुपारी तासभर पडायला मिळालं तर दिवस चांगला गेला असं समजणारा मी माणूस. पण दुपारी डोळा लागतो न लागतो तोच बाहेरच्या खोलीतून नाक शिंकरल्याचा आवाज यायचा.

आता माझा या पुस्तकांशी काय संबंध ते सांगतो. मी जमीनमोजणीच्या सरकारी कार्यालयात नकाशे काढायचो. चौतीस वर्षं तेच केलं. विहिरी, बांध, ओढे, पायवाटा. मोजणीवाले शेतातून आकडे आणायचे आणि मी ते कागदावर उतरवायचो. पस्तीस वर्षांपूर्वी एका ओळखीच्या प्रकाशकाने विचारलं की, एका मुलांच्या पुस्तकासाठी न पाहिलेल्या देशाचा नकाशा काढून देशील का. मी म्हटलं, बघितलेल्या देशाचे काढून कंटाळलोय, हे करून बघू.

आमच्या कामाची एक पद्धत होती. डोंगर, नद्या, रस्ते थेट कागदावर काढायचे, पण गावांची नावं मात्र वेगळ्या कागदावर सुबक अक्षरात लिहायची, ब्लेडने त्यांच्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि मागून डिंक लावून जागच्या जागी चिकटवायच्या. म्हणजे एखादं अक्षर चुकलं तर सगळा नकाशा वाया जात नाही. बाईंनी एक्केचाळीस गावांची यादी दिली होती. छापलेल्या नकाशात चाळीसच आली. ओलवण नावाचं गाव राहून गेलं.

पुस्तक छापून आल्यावर बाई आमच्या कार्यालयात आल्या. ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पदराला शाईचा डाग. माझ्या टेबलावर पुस्तक उघडून ठेवलं, नकाशावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "माझं ओलवण कुठाय हो?"

तोवरच्या नोकरीत माझ्या हातून एक विहीर राहिली नव्हती, आणि इथे अख्खं गाव गायब! मी म्हणालो, "पट्टी सुटली असणार. डिंक कच्चा राहिला. त्या दिवशी घरी जरा अडचण होती." प्रकाशकाकडून त्यांच्या कानावर आलं असावं, कारण कसली अडचण ते त्यांनी विचारलं नाही. माझी बायको त्याच आठवड्यात गेली होती. आमची लेक तेव्हा नऊ वर्षांची होती.

"पुढच्या छपाईत घालून देतो," मी म्हणालो.

"नको," बाई म्हणाल्या. "राहू द्या तसंच."

आणि वर्षाच्या आत त्यांचं दुसरं पुस्तक आलं. सगळं ओलवणवर, सुरुवातीला तोच नकाशा. कुठल्याच नकाशात नसलेलं गाव. ज्यांचं बोलणं अर्धवट राहिलं, अशी माणसं तिथे राहतात आणि उरलेलं वाक्य पुरं करायची वाट पाहतात. पुस्तकाच्या शेवटी बाईंनी मुलांना सांगितलं होतं की ओलवणची जागा मलाही माहीत नाही, तुमचं ओलवण कुठे आहे ते तुम्हीच नकाशात लिहा. झालं! देशभरच्या पोरांनी पेनं काढली. त्या पुस्तकाची हाताने न लिहिलेली प्रत तुम्हाला सापडायची नाही. पाचव्या पुस्तकापर्यंत ते गाव इतकं गाजलं, की माझ्या चुकीला लोक बाईंची प्रतिभा म्हणायला लागले. मी अळीमिळी गुपचिळी. चूक झाकली गेली यातच माझं समाधान होतं.

बाई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी प्रकाशकांकडून फोन आला. जुने प्रकाशक कधीच गेले. आता तिथे एक तरुण संपादिका आहे, आवाजावरून तरी तरुण. म्हणाली, "नकाशेकाका, मावशींच्या टेबलाच्या खणात त्यांच्या हातची एक चिठ्ठी सापडली. 'ओलवणची जागा नकाशेकाकांना ठाऊक आहे.' खरं का हे?"

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "म्हणजे असणारच. मीच काढला ना नकाशा."

मग ती भराभरा बोलायला लागली. रविवारी मोठी शोकसभा आहे. सातही पुस्तकांची नवी आवृत्ती येते आहे. त्यात पुरा नकाशा छापायचा, एक्केचाळिसाव्या गावासकट, आणि तो सभेत मोठ्या पडद्यावर दाखवायचा. "आणि काका, खाली तुमचं नाव. पहिल्या वेळी राहून गेलं होतं, ते आता घालू."

इथे मी घसरलो. चौतीस वर्षं मी नकाशे काढले आणि प्रत्येकावर सही साहेबाची. पुस्तकातल्या नकाशावरही माझं नाव कुणी छापलं नाही, आणि मागायची मला लाज वाटली. "देतो," मी म्हणालो. विचार करायला एक दिवस मागून घ्यावा, एवढंही सुचलं नाही. इतकी वर्षं मानभावीपणे गप्प बसलो आणि नावाचं गाजर दिसताच मान पुढे केली.

दुपारी लेक झोपली तेव्हा मी कपाटातून त्या नकाशाचा जुना ट्रेसिंगचा कागद काढला. पिवळा पडला होता, कडा कुरतडलेल्या, पण रेषा शाबूत होत्या. जेवणाच्या टेबलावर पसरला, भिंग घेतलं, टाक शाईत बुडवला. चार अक्षरं, एवढ्यासाठी चार पट्ट्या वाया गेल्या. जागा मात्र शोधावी लागली नाही. खिंडीच्या दोन बोटं खाली, नदी वळते तिथे आतल्या अंगाला. पट्टी चिकटवली, वरून कोरड्या कापडाने दाबली आणि कागद नळीत गुंडाळून कपाटामागे ठेवला. लेकीला का सांगितलं नाही, ते तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात चौकट होती. 'रविवारी उलगडणार ओलवणचं गुपित. मूळ नकाशाकार दाखवणार खरी जागा.' संपादिकेने वेळ वाया घालवला नव्हता. लेक स्वयंपाकघरात आली, पेपर ओट्यावर आपटला आणि म्हणाली, "बाबा, हे काय आहे?"

"ते नवी आवृत्ती काढताहेत," मी म्हणालो.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, नकाशा मी काढलेला. मला नाही ठाऊक असणार तर कुणाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिचे डोळे कोरडे होते, आणि मला ते रडण्यापेक्षा अवघड गेलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "किती वेळा विचारलं होतं, आठवतं? पुस्तक घेऊन तुमच्या पलंगापाशी उभी राहायची. बाबा, ओलवण कुठे आहे? तुम्ही म्हणायचात, मला काय माहीत, झोप आता. दर वेळी. मला काय माहीत, झोप आता."

"मी दमलेला असायचो गं."

"तुम्ही कायमच दमलेले असायचात."

सकाळी तिची वेणी, डबा, शाळा, मग कार्यालय, संध्याकाळी स्वयंपाक, कपडे. रात्रीपर्यंत माझ्या अंगात बोलायचं त्राण उरायचं नाही. पण हे सगळं बोलून दाखवायचं म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीपुढे स्वतःचं गाऱ्हाणं मांडायचं, आणि ती आता चव्वेचाळीसची असली तरी त्या क्षणी नऊचीच होती.

"माझ्या पुस्तकात अकरा ठिकाणी लिहून खोडलंय," ती म्हणाली. "कागद फाटला खोडून खोडून. मला शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, आई बोलता बोलता गेली. मला तर कुणी इस्पितळात नेलंच नाही. मग मी म्हटलं, बोलणं अर्धं राहिलं ना, म्हणजे ती ओलवणला असणार. फक्त ओलवण कुठे ते सापडलं पाहिजे. मोठी झाले तेव्हा पटलं की मावशीलाही खरंच ठाऊक नाही, मग मी शोधायचं सोडलं. मावशीला ठाऊक नाही म्हणजे कुणालाच नाही. त्यावर मी जगले, बाबा. आणि तुम्ही त्याच घरात, पलीकडच्या पलंगावर, सगळं ठाऊक असून कूस बदलून झोपत होतात."

"तसं नव्हतं ते."

"मग कसं होतं?"

मी पेपरची घडी घातली. ती खोलीत निघून गेली. थोड्या वेळाने कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन. चूक माझी होती हे मला पटलं होतं, पण ती नक्की कुठली आणि कधीची ते मला धड मांडता येत नव्हतं. एक मात्र स्वच्छ दिसत होतं. ही अशी निघून गेली तर फोन करेल, माझ्या गोळ्यांची चौकशी करेल, आणि पुन्हा मला काही विचारणार मात्र नाही. मी नळी उचलली, "येतो जाऊन," असं बंद दाराला सांगितलं आणि बाहेर पडलो.

प्रकाशकांचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. खाली फुटपाथवर रांग लागली होती, पार कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत. शोकवहीत लिहायला आलेली माणसं. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात जुनं पुस्तक, कव्हराला चिकटपट्ट्या लावलेलं. मी सरळ वर जाणार होतो, पण गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून रांगेतच एका कठड्यावर टेकलो.

माझ्यापुढे लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस होता. अंगात कंपनीचा निळा डगला, खिशात पाने-पकडी, बोटांत ग्रीसचे डाग. पुस्तकाला डाग लागू नये म्हणून त्याने ते रुमालात गुंडाळलं होतं. मागची एक बाई, कुठल्या तरी शाळेतली शिक्षिका, त्याला म्हणाली, "दाखवा ना तुमचं." त्याने रुमाल सोडून नकाशा उघडला. उत्तरेच्या मोठ्या तळ्यात, अगदी मधोमध, निळ्या पेनाने कच्च्या अक्षरात 'ओलवण' लिहिलं होतं. 'ण' उलटा काढला होता.

"पाण्यात?" शिक्षिका म्हणाली.

"मोठा भाऊ," तो म्हणाला. "पोहायला गेलेला. जाताना मला म्हणाला, आल्यावर तुला एक—" आणि त्याने खांदे उडवले. "एक काय, ते राहिलं."

शिक्षिकेने त्याच्या पुस्तकावर नुसता हात ठेवला. मग म्हणाली, "रविवारी खरी जागा दाखवणार म्हणे."

"वाचलं मी," तो म्हणाला. "मी येणार रविवारी. पण पडद्याकडे नाही बघणार. सदतीस वर्षांचा झालो, सगळं कळतं मला, गोष्ट आहे ती. पण भाऊ तिथे आहे ना आमचा. त्याला आता या वयात कुठे हलवू?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही पुस्तक नाही आणलंत? की या नळीत आहे?"

"नाही, हे दुसरं आहे," मी म्हणालो.

मी त्या कठड्यावर किती वेळ बसलो कोण जाणे. रांग पुढे सरकत राहिली. माणसं एकमेकांना पुस्तकं उघडून दाखवत होती, डोंगराच्या टोकावर, वाळवंटात, समासात, एकीने तर होकायंत्राच्या चित्रातच लिहिलं होतं. नकाशे काढणारा माणूस म्हणून मला एरवी चीड आली असती. गावाला एकच जागा असते, आमचा सगळा धंदा त्यावर उभा. पण मला चीड आली नाही. मला स्वतःची लाज वाटली. काखेत ती नळी होती आणि तिच्यात माझं एवढंसं नाव छापून यायचं होतं.

वर गेलो तेव्हा संपादिका हारांच्या आणि पत्रांच्या ढिगाऱ्यात बसली होती. केस विस्कटलेले, टेबलाखाली चपला काढून पाय जमिनीवर टेकलेले. मला बघून उठली. "काका, आणलात?"

"नाही," मी म्हणालो. "मला आठवत नाही."

"पण काल तर तुम्ही—"

"काल आठवत होतं. आज नाही आठवत. वय झालं."

तिची नजर नळीवर गेली. मुलगी हुशार होती. "आणि यात काय आहे, काका?"

"जुना कागद."

ती बसली. मी ओरडा खायच्या तयारीने उभा होतो. पेपरात छापून आलं होतं, पडदा ठरला होता, तिच्या वरच्या माणसांना ती काय तोंड दाखवणार होती? पण ती म्हणाली, "मी चार दिवस नीट झोपले नाहीये. मीसुद्धा तीच पुस्तकं वाचून मोठी झाले. मला वाटलं, मावशी तर गेल्या, निदान हे एक तरी कळेल." मग म्हणाली, "खरंच आठवत नाही ना? म्हणजे, नक्की नाही?"

"नक्की नाही."

"मग बरं. माझ्याही पुस्तकात लिहिलेलं आहे," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तिच्या टेबलावरचा पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि निघालो.

घरी पोचलो तर लेक बाहेरच्या खोलीत, बूट घालून, बॅग पायाशी ठेवून बसलेली. न सांगता जायचं नाही एवढी रीत तिने पाळली होती.

"दिलात?" तिने विचारलं.

"नाही दिला. सांगितलं, आठवत नाही."

"वा," ती म्हणाली. "म्हणजे मला पस्तीस वर्षं जे सांगितलंत तेच आता सगळ्यांना. न्याय झाला." आणि उठून तिने बॅग उचलली.

"बस," मी म्हणालो. ती बसली नाही, पण थांबली. मी मात्र बसलो, कारण उभ्याने मला ते सांगता आलं नसतं. आणि हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बाईंनाही नाही.

"पट्टी सुटली नव्हती," मी म्हणालो. "ते खोटं होतं. तुझी आई वॉर्डात होती आणि मी बाहेर बाकावर फळी मांडीवर घेऊन नकाशा करत होतो. दुसऱ्या दिवशी छापखान्यात द्यायचा होता. मुदत मागितली असती तर मिळाली असती, पण मग रिकाम्या हातांनी बसून काय केलं असतं? चाळीस पट्ट्या लावून झाल्या. एक्केचाळिसावीला डिंक लावला, बोटाच्या टोकावर घेतली आणि आता टेकवणार, तेवढ्यात नर्सबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, आत या लवकर. मी तसाच उठलो. पट्टी बोटावरच."

लेकीने बॅग खाली ठेवली.

"आत गेलो तर ती जागी होती. बोलत होती. मी तिचा हात हातात घेतला. तसाच धरून बसलो. ती गेली तरी धरून बसलो होतो, शेवटी नर्सबाईंनी सोडवला. बाहेर आलो, कागद गुंडाळला, दुसऱ्या दिवशी जाऊन देऊन आलो. कसा दिला, कुणाला दिला, मला आठवत नाही. छापील पुस्तक बघितल्यावर लक्षात आलं, की बोटावरची पट्टी बाहेर येताना बोटावर नव्हती."

"पडली असेल कुठे."

"मी परत जाऊन बघितलं. बाकाखाली, वॉर्डात, पलंगाच्या चाकांपाशी. इतक्या दिवसांनी काय सापडणार, पण बघितलं. नर्सबाईंना वाटलं, याचं डोकं फिरलं. ताजा डिंक होता गं तो, जिथे टेकेल तिथे बसणारा. आणि टेकायला दुसरं काही नव्हतंच, तिच्या हाताशिवाय. ती ओलवण तसंच हातावर घेऊन गेली. तू पुस्तक घेऊन उभी राहायचीस, बाबा, ओलवण कुठे आहे, आणि माझ्या डोळ्यांपुढे तेवढंच यायचं. कागदावर ते कुठे असायला हवं होतं ते ठाऊक होतं मला. पण ते तिथे कधी नव्हतंच. नऊ वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं ते मला सुचलं नाही, म्हणून झोप म्हणायचो. नंतर तू विचारायचं थांबवलंस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेही खरं आहे."

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, बूट तसेच. मग म्हणाली, "काय बोलत होती आई?"

"तुझ्या शाळेच्या स्वेटरबद्दल. म्हणाली, डाव्या कोपराला विरलाय तो, हिवाळ्याच्या आधी त्याला—" मी थांबलो. "एवढंच. पुढचं मला माहीत नाही. आणि तो स्वेटर मी तसाच तुला घालत राहिलो, कारण काय करायचं ते तिने सांगितलंच नाही."

लेकीने आपलं डावं कोपर दुसऱ्या हाताने धरलं. सोडलं नाही.

"कुठला हात?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा, कामावर रोज पन्नास माणसांना विचारते तसा. "तुम्ही धरलेला. डावा की उजवा?"

"डावा," मी म्हणालो. "उजव्यात सलाईनची सुई होती."

तिने मान हलवली. मग ती रडली, आणि मीही. मावशीसाठी नव्हे.